‘मना’ : संबोधन की मनाई? बालकांच्या बोधपर पद्याचा एक तौलनिक विचार

१

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात, प्रस्तुत लेखकाच्या घरी, तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुलांनी ‘मनाचे श्लोक’ म्हणावयाचे असा जुना प्रघात आहे. घरातील धाकटी नात हिंदी माध्यमाच्या शाळेत जाते. एके दिवशी श्लोक म्हणता म्हणता ती मध्येच थांबली आणि तिने विचारले, “आजोबा, यात सारखं मना, मना का म्हणतात? काय काय मना आहे?” हिंदीत ‘मना’ म्हणजे निषिद्ध. शाळेच्या फाटकावर, बागेच्या पाटीवर, रेल्वेच्या डब्यात हा शब्द तिने शंभर वेळा वाचलेला. समर्थांचे श्लोक ही तिच्या लेखी निषेधांची एक लांबलचक यादी होती.

व्याकरणाच्या दृष्टीने या गैरसमजाचा उलगडा सोपा आहे. मराठीत ‘मन’ या शब्दाचे संबोधनाचे एकवचन ‘मना’ होते. हिंदीत त्या शब्दाला असा विकार होत नाही, तेथे ‘रे मन’ असेच म्हणावे लागते. कामताप्रसाद गुरू यांनी आपल्या ‘हिंदी व्याकरणा’ची (१९२०) मांडणी करताना मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चा (१९११) आधार घेतला. त्याच गुरूंच्या जबलपुरात दोन भाषांच्या सांध्यावर वाढणाऱ्या मुलीने संबोधनाला निषेध समजावे, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु तिचा प्रश्न व्याकरणापाशी संपत नाही. मुलांसाठी म्हणून जे बोधपर पद्य पिढ्यान्पिढ्या चालत आले, ते कोणाला उद्देशून असते? ते मुलाला काही मना करते, की मुलाच्या मुखातून त्याच्या मनाशी काही बोलते? या भेदावरच अशा पद्याची योग्यता ठरते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. तुलनेसाठी न्यू इंग्लंडमधील, म्हणजे आरंभीच्या अमेरिकेतील, बालपद्य घेतले आहे. ही निवड यदृच्छेने केलेली नाही. त्या परंपरेचे वारसदार १८१३ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले होते आणि मराठी मुलांच्या वाचनाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध आला.

२

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ मध्ये एक कायदा केला. ज्या गावात पन्नास कुटुंबे असतील त्या गावाने मुलांना लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी शिक्षक नेमावा, असे त्यात फर्माविले होते. माणसाला धर्मग्रंथापासून दूर ठेवणे हा सैतानाचा जुना डाव आहे, असे कारणही कायद्याच्या आरंभीच नोंदविले होते. अक्षरओळख हा तेथे मुक्तीच्या साधनेचा पहिला पाठ होता, ही गोष्ट लक्षात घेतल्यावाचून त्या समाजातील बालपद्याचे स्वरूप कळणार नाही. बॉस्टनमध्ये १६९० च्या सुमारास बेंजामिन हॅरिस या मुद्रकाने काढलेले ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ हे अंकलिपीवजा पुस्तक पुढे शतकाहून अधिक काळ घरोघर वापरले गेले. त्यात प्रत्येक मुळाक्षराला एक लाकडी ठशाचे चित्र आणि एक सयमक द्विपदी असे. पहिल्या अक्षरालाच आदिपुरुष आदमचे पतन आणि त्यामुळे सर्व मानवजातीला लागलेले पाप येते. पुढे काळ येतो, मृत्यू येतो, लहानथोरांना सारखेच नेणारी त्याची वाट येते. अक्षर गिरविणाऱ्या मुलाला अक्षराबरोबरच आपण जन्मतः अपराधी आहोत ही जाणीव दिली जाई.

याच परंपरेतील मोठी रचना म्हणजे मायकेल विगल्सवर्थ यांचे ‘द डे ऑफ डूम’ हे १६६२ मधील काव्य. अंतिम न्यायाच्या दिवसाचे वर्णन करणारी ही आठ आठ ओळींची २२४ कडवी लोकगीताच्या ठसकेबाज चालीत आहेत आणि ती मुलांकडून पाठ करून घेतली जात. काव्यात एका भव्य न्यायासनापुढे पापी लोकांचे निरनिराळे गट येतात, आपापली बाजू मांडतात आणि न्यायाधीश प्रत्येकाचे म्हणणे खोडून काढतो. शेवटी जन्मतःच मरण पावलेली अर्भके उभी राहतात. आम्ही तर काहीच केले नाही, मग आदमच्या पापाचा भार आमच्यावर का, असे ती विचारतात. न्यायाधीश त्यांचा युक्तिवाद मान्य करीत नाही. मात्र दया म्हणून नरकातील सर्वांत सुसह्य दालन त्यांना नेमून देतो. पाठ म्हणणारे मूल त्या अर्भकांहून फारसे मोठे नसे, याचे स्मरण ठेवून हा प्रसंग वाचावा.

या पद्यात मूल स्वतः कधी बोलतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘प्रायमर’मध्ये आज्ञाधारक बालकाची प्रथमपुरुषी वचने आहेत, झोपण्यापूर्वी म्हणावयाची एक लहानशी प्रार्थना आहे, आणि त्या प्रार्थनेतही जाग येण्यापूर्वी मरण आले तर काय, याची तरतूद आहे. आयझॅक वॉट्स यांच्या लंडनमध्ये १७१५ साली निघालेल्या आणि अमेरिकेत वारंवार छापल्या गेलेल्या ‘डिव्हाइन साँग्ज’ या संग्रहातही ‘मी’ येतो, आणि तेथे आळस, खोटे बोलणे, भांडणे यांविरुद्धचा उपदेश पुष्कळच सौम्य झालेला आहे. तरीही हा ‘मी’ कोणापुढे तरी उभा आहे. तो कबुली देतो, वचन देतो, आश्रय मागतो. बोलणारे मूल आणि ऐकणारा न्यायाधीश यांच्यामधील अंतर प्रथमपुरुषामुळे मिटत नाही.

ज्या समाजात जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी मुले वयात येण्यापूर्वीच जात, त्या समाजातील आईबापांनी हे सारे क्रौर्याने केले असे मानणे अन्यायाचे होईल. मुलाच्या आत्म्याची काळजी हेच त्यामागचे कारण होते. परंतु हेतू वत्सल असला तरी साधन भयाचे होते, आणि भय हे साधन म्हणून लवकर झिजते. वॉट्स यांच्या मधमाशीवरील कवितेचे विडंबन लुइस कॅरॉल यांनी १८६५ मध्ये ‘अ‍ॅलिस’च्या कथेत केले आणि मूळ कवितेपेक्षा विडंबनच अधिक लोकांच्या तोंडी राहिले, ही त्या झिजेची साक्ष होय.

३

आता मराठीकडे वळू. ‘मनाचे श्लोक’ हे काव्य मुलांसाठी लिहिलेले नाही; ‘द डे ऑफ डूम’ही नव्हते. दोन्ही रचना एकाच शतकातील, दोन्हींची कडवी दोनशेंच्या थोडी पुढे, दोन्ही मुलांकडून पाठ करून घेतल्या गेलेल्या, आणि दोन्ही आपल्या लयीच्या बळावर जिभेवर राहिलेल्या. समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) २०५ श्लोकांसाठी भुजंगप्रयात हे एकच वृत्त योजले. चार ‘य’ गणांची, बारा अक्षरांची ही ओळ चालत्या पावलाला साथ देते. समर्थांचे शिष्य भिक्षेच्या वेळी हे श्लोक म्हणत, असे परंपरा सांगते. अर्थ न कळणाऱ्या मुलालाही ही लय धरता येते. येथे पद्याचा संबंध अक्षराशी नसून कानाशी आहे. पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरे गिरवू लागण्यापूर्वीच मूल घरी श्लोक म्हणू शकत असे.

भय येथेही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गर्भवासाच्या यातना, मृत्यूची निश्चिती, यमाची वेदना हे सारे या श्लोकांत आले आहे. फरक आहे तो संबोधनाचा. कवी आरंभीच मनाला सज्जन म्हणून हाक मारतो. ज्याला समजावावयाचे आहे ते मूलतः भले आहे, केवळ भरकटणारे आहे, हे तेथेच गृहीत धरलेले असते. शिवाय श्लोक म्हणणारे मूल आपल्याच मनाशी बोलत असल्यामुळे उपदेशक तेच असते आणि उपदेश ऐकणारेही तेच. आजोबा शेजारी बसलेले असले तरी त्यांच्या मनाचीही या उपदेशातून सुटका नाही. दिव्यासमोर बसलेल्या सर्वांची मने एकाच रांगेत येतात.

ही योजना मराठीची एकटीची नाही. तुलसीदास आणि सूरदास यांच्या पदांत, बंगालीतील रामप्रसाद सेन यांच्या श्यामासंगीतात, त्यागराजांच्या तेलुगू कृतींत मनाला उद्देशून केलेली आळवणी वारंवार आढळते. मनःसंबोधन ही भारतीय भक्तिकाव्याची एक समान रूढी आहे. मराठीचे वैशिष्ट्य एवढेच, की समर्थांनी या रूढीला दोनशे श्लोकांची एक सलग माळ केले आणि समाजाने ती माळ मुलांच्या हाती दिली.

समर्थांनीच ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात दोषदर्शनाची दुसरी रीत वापरली आहे. पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे येतात. ऐकणाऱ्याने आपले लक्षण आपणच ओळखावे अशी ती यादी आहे. आणि त्याच दशकाचा शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी होतो. जो शिकला, जो इतरांना शिकवितो, त्याचेही दोष समर्थांनी यादीत घातले. उपदेशकालाच उपदेशाच्या कक्षेत आणणारी ही दृष्टी न्यू इंग्लंडच्या बालपद्यात आढळत नाही.

या मताला बाध आणणारे एक उदाहरण घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. संगमनेरच्या अनंत फंदी (१७४४–१८१९) यांनी लोकप्रिय केलेला ‘फटका’ हा प्रकार सरळ द्वितीयपुरुषी आहे. असे करू नको, तसे वागू नको, अशा निषेधांची त्यात रांग असते, आणि त्याचे नावच प्रहार सुचविते. माझ्या नातीने कल्पिलेली ‘मना’ची यादी वस्तुतः येथे सापडते. परंतु फटका हे मुळात फडावरच्या आणि कीर्तनातल्या प्रौढ श्रोत्यांसाठी रचलेले काव्य. तमाशा आणि कीर्तन या दोहोंचा अनुभव असलेला शाहीर व्यवहारातील खाचखळगे आपल्या बरोबरीच्या माणसाला दाखवितो. त्यात नरक नाही, जन्मजात पाप नाही. फसगतीची, बदनामीची, कर्जाची भीती आहे. पाठ्यपुस्तकांनी तो मुलांपुढे ठेवला तेव्हा मित्राच्या सल्ल्याला मास्तरांच्या आज्ञेचे रूप आले. म्हणजे एकच पद्य कोणाच्या तोंडून कोणासाठी येते, यावर त्याचा स्वभाव पालटतो. हे उदाहरण वरील मताला बाध आणण्यापेक्षा त्याला पुष्टीच देते.

४

बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांनी शाळा काढल्या, मुद्रणालय घातले. १८१७ पासून तेथे मराठी छपाई होऊ लागली. १८३१ मध्ये अहमदनगर हे त्यांचे मोठे ठाणे झाले आणि १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. ही माणसे प्यूरिटनांच्या धर्मपरंपरेतली होती. येथे एखाद्या विशिष्ट पुस्तकाच्या भाषांतराचा प्रश्न नसून पद्धतीचा आहे: अक्षराबरोबर धर्म, प्रश्नोत्तरांतून सिद्धान्त, आणि मुलासाठी स्वतंत्र छापील मजकूर. यांतील तिसरी गोष्ट मराठीला नवी होती. मिशनच्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाने १८७० नंतरच्या दशकात ती रुजविली. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ (१८८१) मासिकाने तिला मिशनच्या वर्तुळाबाहेर भक्कम पाया दिला. याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे ‘निर्णयसागर’ उभारला आणि जुन्या संस्कृत-मराठी ग्रंथांना सुबक अक्षर मिळाले, हाही त्या इतिहासाचा एक भाग आहे.

दुसरीकडे सरकारी आश्रयाने निघालेल्या शालेय पुस्तकांचा ओघ होता. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही दोन्ही पुस्तके १८२८ मधील. पहिल्याचे मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या बालकथांत आहे, आणि ते इंग्रजीमार्गे मराठीत आले. त्यांतील नीती ऐहिक आहे: वाईट वर्तनाचे फळ याच जन्मी, याच घरात मिळते. परशुरामपंत गोडबोले यांच्या ‘नवनीता’ने (१८५४) वामनपंडित, मोरोपंत आदींचे काव्य नव्या विद्यार्थ्यापर्यंत पोचविले. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलापुढे तीन प्रवाह एकदम आले: घरातील मनःसंबोधन, शाळेतील ऐहिक नीतिकथा आणि मिशनची पाप-पश्चात्तापाची भाषा.

हे तिन्ही प्रवाह ज्यांच्या आयुष्यात मिळाले ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). कोकणातील ब्राह्मण घरात जन्म, नागपूर आणि राजनांदगाव या मध्यप्रांतातील गावी वास्तव्य, १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, आणि नंतर अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये कार्य. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता महाराष्ट्रातील मुलांच्या अनेक पिढ्यांनी पाठ्यपुस्तकांतून वाचली. पिलांसाठी चारा घेऊन निघालेली पक्षीण शिकाऱ्याच्या हातून घायाळ होते, कशीबशी घरट्याकडे येते आणि मरते. एवढाच तिचा विषय.

बोधपर पद्याच्या इतिहासात ही कविता वळणाची आहे. न्यू इंग्लंडच्या पद्यात अपराध्याला शिक्षा होते. नीतिकथेत अपराध्याची फजिती होते. येथे अपराध्याला काहीच होत नाही. दुष्कृत्याचे सारे फळ निरपराध पक्षिणीला आणि तिच्या पिलांना भोगावे लागते, आणि कवी मुलाला नेमके तेच पाहावयास लावतो. ‘हे केलेस तर तुझे काय होईल’ या प्रश्नाची जागा ‘हे केले तर तिचे काय होते’ हा प्रश्न घेतो. भयाचे करुणेत झालेले हे रूपांतर केवळ धर्मांतराने समजावून देता येणार नाही. ख्रिस्ताच्या करुणेची ओढ त्यात आहे, तसे भूतदयेचे मराठी संतांकडून आलेले संस्कारही आहेत. ज्या मिशनचे पूर्वज अर्भकांना न्यायासनापुढे उभे करीत होते, त्याच मिशनच्या अंगणात मराठी कवीने पाखराला साक्षीदार केले.

त्याच सुमारास कवी दत्त (१८७५–१८९९) यांनी दुसऱ्या बाजूने त्या न्यायासनाला हसत धक्का दिला. त्यांच्या ‘मोत्या शीक रे अ आ ई’ या कवितेत मूल आपल्या कुत्र्याला मुळाक्षरे शिकवू पाहते. शिकविणाऱ्याच्या जागी मूल आणि शिकणाऱ्याच्या जागी मोत्या बसल्याबरोबर अक्षराभोवतीचे सारे गांभीर्य विरघळते. ‘प्रायमर’मध्ये अक्षराला पाप चिकटलेले होते, येथे अक्षराला खेळ चिकटला. कॅरॉल यांना जे विडंबनाने साधावे लागले ते दत्तांनी वात्सल्याने साधले.

५

मराठी बालकवितेचा इतिहास ‘बोधाकडून रंजनाकडे’ अशा एका सरळ रेषेत सांगण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. या रेषेच्या एका टोकाला श्लोक आणि फटके, दुसऱ्या टोकाला विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ (१९६१) आणि तिच्यासारखी खेळकर कविता. करंदीकरांच्या बालकवितेने मुलाला उपदेशातून मोकळे केले, हे तिचे मोठेपण निर्विवाद आहे. तथापि वरील विवेचनावरून ही एकच रेषा अपुरी ठरते. बोध आहे की नाही, एवढेच मोजले तर ‘द डे ऑफ डूम’, ‘मनाचे श्लोक’ आणि ‘केवढे हे क्रौर्य!’ या तिन्ही रचना एकाच कप्प्यात पडतात. मुलाला कोठे उभे केले आहे, हे पाहिले तर त्या तीन वेगळ्या रचना आहेत: पहिलीत मूल आरोपी आहे, दुसरीत ते स्वतःचेच सल्लागार आहे, तिसरीत ते दुसऱ्याच्या दुःखाचे साक्षीदार आहे. बालपद्याच्या समीक्षेने ही दुसरी कसोटी स्वीकारावी, असे सुचवावेसे वाटते. अन्य भारतीय भाषांतील बालपद्यालाही ती लावून पाहता येईल. विशेषतः जेथे मिशनरी मुद्रणालय आणि भक्तिपरंपरा यांची गाठ पडली, तेथे तिचा उपयोग अधिक होईल.

हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस गढा-मंडल्याचा मुलूख प्रथम सागरकर मराठ्यांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१७ नंतर इंग्रजी अंमल आला. राज्य गेले, कचेऱ्या आल्या, १९५६ मध्ये नागपूरही दुसऱ्या राज्यात गेले. आणि जबलपुरातील मराठी कुटुंबांची मुले हिंदी शाळांतून शिकत राहिली. अशा घरांत मराठी पाठ्यपुस्तक नसते. मराठीचे जे काही वळण मुलाच्या जिभेला लागते ते संध्याकाळच्या त्या अर्ध्या घटकेत. म्हणून ‘हे जुने श्लोक मुलांवर कशाला लादता’ असे कोणी विचारले तर उत्तर देणे सोपे नसते. मुलाला धाक घालण्यासाठी ते म्हणवून घ्यावयाचे असतील तर न म्हणविणेच बरे. तेव्हा ते खरोखर मनाईचे श्लोक होतात, आणि नातीने केलेला अर्थ बरोबर ठरतो. परंतु श्लोक म्हणवून घेणाऱ्यानेही आपल्या मनाला तीच हाक मारली, तर मुलाला भाषा मिळते आणि भाषेबरोबर स्वतःशी बोलण्याची एक रीतही मिळते.

नातीला त्या संध्याकाळी एवढेच सांगितले, की हा ‘मना’ हिंदीतला नव्हे. तू तुझ्या मनाला हाक मारते आहेस. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “आणि तुम्ही म्हणता तेव्हा?” तेव्हा माझ्या मनाला, असे उत्तर द्यावे लागले. पढतमूर्खाचा समास मुलांकडून सहसा कोणी पाठ करून घेत नाही. तो आपल्यासाठी आहे.